दगडू मिस्त्रीनं भर दुपारी केलेला अंधार

मंडळी, बसून घ्या. मागं कोळशाची रिकामी पोती अंथरलीत, तिथं बसा. शेठजी, तुम्ही पुढं या.

मला बोलायला उभं केलं. मी माणिक ड्रायव्हर. जालना ते कुंभार पिंपळगाव ह्या लाईनीवर शेठजींची मोटर मीच हाकतो. तुमच्यातले निम्मे लोक माझ्या मागं बसून, माझ्या नावानं बोटं मोडत प्रवास केलेले हायत. मला हॉर्न वाजवायला सांगा, नाल्यात चाक रुतल्यावर शिव्या द्यायला सांगा, ते मला येतं. गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलायचं ते मला येत न्हाई. सकाळपासून चार वाक्यं जुळवून राह्यलो, आणि आता तुमची तोंडं बघितली तर त्यातलं एक बी आठवंना.

पोलिसांच्या अमीनसाहेबांनी ह्या सभेला परवानगी दिली ती एका अटीवर. मयताबद्दल बोला, दुसरं काही काढू नका. बराबर हाय. आज माझ्याकडं दुसरं काही न्हाईच.

तर मंडळी, दगडू मिस्त्री गेला. आपल्या ह्याच मोटरअड्ड्यावर, त्या समोरच्या पत्र्याच्या शेडात, भर दुपारी गेला. आज पाचवा दिवस. धाकट्या भावानं अग्नी दिला. तुम्ही सगळे आल्तेच. ते सगळं झालं. पण एक गोष्ट अजून व्हायची हाय, आणि तिच्यासाठीच मी उभा राह्यलो. ती मी शेवटाला बोलंन. आधी मला दगडूबद्दल बोलू द्या.

दगडू मेंढरं राखणाऱ्या घरातला. बाप त्याचा अंधारात नुसत्या पावलांच्या आवाजावरून सांगायचा म्हणे, कळपातली एक मेंढी लंगडून राह्यली. दगडूचा कान त्याच घरचा. इंजन चालू असलं की हा धुराड्यापाशी उकिडवा बसायचा, तळहात धुरात धरायचा आणि डोळे मिटायचा. बिलकुल देवासमोर बसल्यावाणी. मंग म्हणायचा, "दादा, तिसरं घर मुकं हाय." इंजनाला चार घरं, सिलिंडर म्हणतात ती. चारीत ठिणगी पडली पाहिजे, ज्याची त्याची पाळी आली की. एकात पडली न्हाई की मोटर लंगडते. तेवढंच हे शास्त्र हाय म्हणायचा, बाकी सगळा हात काळा करायचा धंदा.

लाकडी मुठीचा पेचकस घ्यायचा आणि एकेका प्लगची ठिणगी लोखंडावर उतरवायचा. चांगलं घर बंद केलं की इंजन गचका खातं. मुकं घर बंद केलं तर इंजनाला फरकच पडत न्हाई. "ज्याच्या जाण्यानं काही बिघडत न्हाई, दादा, त्याच्यातच बिघाड हाय," असं म्हणून हसायचा.

आणि ऐकताना आवाज नको त्याला! तुम्हाला आठवतं का, अंबडच्या पुढं मोटर अडली होती, आणि बाजाराला निघालेल्या बायांनी कोंबड्या आणल्त्या? दगडू बोनेट उघडून म्हणला, "मावशे, त्या कोंबडीचं तोंड धर." ती म्हणली, "माझ्या कोंबडीचं तोंड काय धरतोस, आधी तुझ्या ड्रायव्हरचं धर." मी गप झालो, मंडळी. कोंबडी न्हाई झाली. पण त्या कलकलाटात बी त्यानं वायर सुटलेली शोधली.

हसा, हसा. त्याला आवडलं असतं.

मंग लढाई आली. पेट्रोल मिळंना. शेठजींनी मोटरीच्या मागं कोळशाची भट्टी बसवून घेतली. कोळसा धुमसवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजनात न्यायचा आणि त्याच्यावर मोटर चालवायची. चालायची म्हणजे काय, जरा चढ आला की तुम्हालाच उतरून ढकलायला लागायचं. दगडूचं काम तिथं दुप्पट झालं. कारण पेट्रोल चटकन पेटतं आणि कोळशाचा गॅस सुस्त जळतो. गॅसला ठिणगी जराशी आधी द्यायला लागती. पण मोटर पहिल्यांदा चालू करायची ती पेट्रोलच्या दोन घोटांवर, तेव्हा ठिणगी मागं पाहिजे. न्हाईतर हँडल उलटं फिरतं. एकदा तो ठिणगी मागं घ्यायची विसरला आणि हँडल मारलं. मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांधलं, वाकडंच जुळलं. त्या वाकड्या हातानं तो टायमिंग बसवायचा, केसाएवढं पुढं, केसाएवढं मागं. मी म्हणायचो, "अरे बस झालं, चालतीय की." तो म्हणायचा, "चालतीय, पण रडत चालतीय."

मोटर रडत चाललेली त्याला सहन व्हायची न्हाई. का न्हाई, ते सांगतो.

दगडूची बायको सोजर. माहेर तिचं कुंभार पिंपळगावचं. नामदेवमामांची लेक. मामा आज इथं आलेत, तिथं खांबाला टेकून बसलेत. पहिल्या खेपेला ती माहेरी बाळंतपणाला गेल्ती. सुईणीनं हात टेकले. मंग आम्ही तिला मोटरीत घातलं आणि जालन्याच्या दवाखान्याकडं निघालो. मी हाकत होतो. दगडू मागं बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसल्ता. अंबड गाठायच्या आधीच इंजन मिसिंग करायला लागलं. एक घर मुकं, मंग दोन. चढावर मोटर थांबली. आणि मंडळी, त्या माणसानं बायकोचं डोकं मांडीवरून उचललं, गाठोड्यावर ठेवलं, आणि खाली उतरून प्लग खोलायला लागला. ती आत ओरडून राह्यली आणि तो बाहेर म्हणतोय, "दादा, जरा इंजनाचा आवाज ऐकू द्या." कुणाला सांगून राह्यला होता तो? आम्हाला? का तिला? मी कधी विचारलं न्हाई.

त्यानं बिघाड शोधला. मोटर चालू केली. आम्ही पोचलो. पोरगा मेलेला निघाला. सोजर वाचली. दवाखान्यातली मडम म्हणली, पुढच्या खेपेला दिवस भरायच्या आधीच हिला इथं आणून ठेवा, कळा सुरू व्हायची वाट बघू नका. दगडूनं मान डोलावली. त्या दिवसापासून मोटर जरा खोकली की तो झोपायचा न्हाई.

आता सोजरला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. भरतच आलेत. माहेरीच हाय. रीत हाय ती, ओटी भरली आणि माहेरी नेली. ठरलं होतं असं, की ह्या बाजाराला मोटर पिंपळगावला जाईल, दगडू बरोबर येईल, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जालन्याला. आजकाल मोटर आठवड्यातून एकदाच जाती, तुम्हाला माहीत हाय. तो बाजार चुकला की आठ दिवस गेले. आणि सोजरकडं आठ दिवस न्हाईत.

आणि बराबर त्याच्या आधीच्या खेपेला मोटर पुन्हा मिसिंग करायला लागली.

मी त्याला इतका हैराण झालेला कधी बघितला न्हाई. बाकी वेळेला एक घर मुकं असायचं, ते धरून ठेवायचं. ह्या वेळेला आता हे घर, आता ते. प्लग बदलले. पॉइंट घासले. टायमिंग पुढं घेतलं, मागं घेतलं. उभ्या मोटरीत इंजन गुळगुळीत. भार पडला की अडखळतंय. शेवटी निघायच्या दिवशी दगडू म्हणला, "दादा, करंट कुठंतरी गळतोय. वायर फुटली हाय न्हाईतर ठिणगी वाटणाऱ्या डबीच्या झाकणाला तडा हाय. डोळ्याला दिसायचा न्हाई तो. अंधारात निळी ठिणगी पळताना दिसंल."

अंधार! दुपारचं ऊन डोक्यावर. मोटर सुटायला तीन तास. मी म्हणलो, रात्री बघ. तो म्हणला, रात्री बघितलं तर बाजार कधी गाठायचा? त्यानं आधी बोनेटवर आणि डोक्यावर घोंगडी ओढून बघितलं. घोंगडी पंख्यात जायला लागली. मंग मोटर शेडात घातली, पत्र्याची दारं लावली, फटीत पोती कोंबली. हे त्यानं आधी केलेलं नव्हतं का? धा वेळा केल्तं. पेट्रोलवर केल्तं. पेट्रोलच्या धुरानं डोळे झोंबतात, माणूस खोकत बाहेर येतो. कोळशाच्या गॅसला ना रंग, ना वास, आणि तो विषारी. भट्टीच्या झाकणाची फट बुजवणारी दोरी जळून ढिली झाल्ती, तिथून गॅस गळायचा. उघड्या रस्त्यावर त्याचं काही वाटत न्हाई. आणि बिघाड गॅसवरच येत होता, म्हणून इंजन गॅसवरच चालवणं भाग होतं.

दार लावता लावता तो म्हणला, "दादा, तुम्ही कोळसा भरून आणा. आणि दार कुणी उघडू नका, उजेड येतो."

मंडळी, दार कुणी उघडलं न्हाई.

आपल्या अड्ड्यावर रिवाजच होता तो. दगडूचं दार लागलं की कुणी हात लावायचा न्हाई. पानवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना माहीत. एक जण टिकीट विचारायला आत जाऊन राह्यला होता, त्याला आपल्यातल्याच चौघांनी हटकलं, म्हणे मिस्त्री ऐकून राह्यलाय. मी कोळसा घेऊन आलो, पोती उतरवली, त्यांच्यावरच बसलो. आत इंजन चालू होतं. मंग अडखळलं. मंग बंद पडलं. आणि कुणीतरी म्हणलं, "सापडलं वाटतं."

सापडलं वाटतं! मी बी मनात तेच म्हणलो. इंजन बंद केलं म्हंजे बिघाड सापडला. दगडूनं इंजन बंद केलं नव्हतं. आतली हवाच संपली होती, इंजनाला बी आणि त्याला बी.

दार उघडलं तेव्हा तो मडगार्डला टेकून बसल्ता. तोंड लालबुंद. मला वाटलं, हा तर झोपलाय, उकाड्यानं लाल झालाय. मी हाक मारली. रागानं मारली. "अरे ऊठ की, मोटर सुटायची हाय." चौघांनी उचलून दवाखान्यात नेला तरी मी मागून तेच बोलून राह्यलो होतो, मोटर सुटायची हाय, मोटर सुटायची हाय.

मला राग आलाय त्याचा. शोकसभेत असं बोलत न्हाईत, मला माहीत हाय. पण मला राग आलाय. एवढ्या बारीक कानाचा माणूस, केसाएवढी ठिणगी मागंपुढं झालेली त्याला कळायची. स्वतःला घेरी येऊन राह्यलेली कळली न्हाई? का कळली, आणि म्हणला, अजून जरासं बघतो?

आता तुम्ही सगळे मला वाटेत अडवून विचारता, माणिकदादा, बिघाड काय होता? त्याला दिसली का ठिणगी? मंडळी, मला माहीत न्हाई. कुणालाच माहीत न्हाई. मी स्वतः सगळ्या वायरी पुसल्या, झाकण खोललं, लावलं. मोटर तशीच अडखळते. शेठजींनी औरंगाबादहून मिस्त्री आणला. भला माणूस हाय. तो म्हणला, कॉइल, झाकण, वायरी, सगळंच बदला. कुठून बदलू? लढाईच्या दिवसांत सामान मिळत न्हाई. दुसरी मोटर बघितली. बाकीच्या लाईनींच्या मोटरी लष्कराच्या कामाला गेल्या. शेठजी, तुम्ही लई हिंडलात, मी बघितलंय. कुठंच काही न्हाई. ती बघा, उभी हाय मोटर. दवाखान्यापर्यंत सुद्धा भरवशानं जायची न्हाई, पिंपळगाव तर लांबच राह्यलं.

आता जी गोष्ट शेवटाला बोलंन म्हणलो होतो, ती बोलतो.

सोजरला अजून माहीत न्हाई.

हो. कुजबूज करू नका. बऱ्याच जणांना माहीत हाय, बाकीच्यांना आता कळलं. नवरा जाऊन पाच दिवस झाले, आणि ती पिंपळगावात कपाळाला कुंकू लावून, हातात हिरव्या बांगड्या घालून बसलीय. पोटुशी बाईला असं सांगत न्हाईत, अशी रीत हाय. धसका बसंल, पोटातलं जाईल, ती बी जाईल. म्हणून घरच्यांनी तिला सांगितलं, मोटर बिघडलीय, दगडू दुरुस्त करून राह्यलाय. आणि तिला ते पटलं. का न पटावं? लग्न झाल्यापासून ती हेच ऐकत आली. खोटं असं बसलंय की त्याला कुठं फटच न्हाई.

मामा काल आले ते लेकीला काय सांगून आले? जाऊन बघतो मोटरीचं काय झालं ते. मंग तिनं पहाटे उठून धपाटे केले नवऱ्यासाठी. फडक्यात बांधून दिले. मामांनी ते गाठोडं काल माझ्या ओसरीवर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. ते धपाटे तसेच हायत. कुणाच्या तोंडात घास जाणार?

आणि तिनं निरोप दिलाय. मामांनी तो मला सांगितला, मी तुम्हाला सांगतो. ती म्हणली, "त्यांना म्हणावं, घाई करू नका, मोटर नीट झाल्यावरच या. पर ते आल्याबिगर मी इथून हलणार न्हाई. मागच्या टायमाला ते संगं होते म्हणून मी वाचले."

ऐकलं का? ती हलणार न्हाई. मामांनी बैलगाडी जोडतो म्हणलं, तर ती न्हाई म्हणली. तुझा भाऊ घेऊन जाईल म्हणलं, न्हाई. ते आल्याबिगर न्हाई. ज्या खोट्यानं तिला वाचवायचं ठरवलं, त्याच खोट्यानं ती तिथं बांधून बसलीय. आणि सुईण तीच हाय, जिनं मागं हात टेकले.

कुणी म्हणलं, सांगा की दगडू आजारी हाय, दवाखान्यात हाय, तुला बोलावलंय. मी त्याचा बी विचार केला. ती येईल. गाडीत बसंल, दोन दिवसांची वाट दगडाधोंड्यातून काढंल, त्याचं तोंड बघायचं म्हणून सगळं सोसंल. आणि पोचल्यावर? तिला कोण सांगणार, आणि कुठं? बाळंतपणाच्या खाटेवर? मी मडमला विचारलं, काय करू? ती म्हणली, आधी तिला माझ्याकडं आणा, कशी आणायची ते तुमचं तुम्ही बघा. तिच्याकडं बी ह्याचं औषध न्हाई.

मामा, मी तुमच्याशी बोलतोय. चारचौघांत बोलतोय, माफ करा. एकट्यानं बोललो तर तुम्ही रडता आणि मी बी रडतो आणि बोलणं तिथंच राहतं. मामा, मी आज पिंपळगावला जाऊन राह्यलो. बैलजोडी तयार हाय, अंबडला बदलायची जोडी सांगून ठेवलीय. मला तिला खरं सांगू द्या. सांगतो, दगडू येणार न्हाई, तू चल. ती पडंल, डोकं आपटंल, मला शिव्या देईल. देऊ द्या. मंग तिला उचलून गाडीत घालू आणि निघू.

मी असं म्हणत न्हाई की ह्यानं ती वाचंल. मला भरवसा न्हाई, मामा, बिलकुल न्हाई. वाटेतच काय व्हईल सांगता येत न्हाई. कदाचित तुमचंच खरं असंल, आणि मी तोंड उघडलं म्हणून दोन जीव जातील, आणि जन्मभर तुम्ही माझं तोंड बघणार न्हाई. पण गप बसलो तर ती तिथंच बसंल, वाट बघत. ज्याची वाट बघतीय त्याची राख कुंडलिका नदीत गेली. हे बी मला सोसवत न्हाई. दोन्हीकडं अंधारच हाय, आणि बघून सांगणारा माणूस आपण जाळून आलो.

तुमची लेक हाय. तुम्ही न्हाई म्हणलात तर मी बैल सोडतो आणि पुन्हा हा विषय काढत न्हाई.

मंडळी, आता सगळे उभे राहा. टोप्या काढा, मुंडासी काढा. दगडूसाठी जरा वेळ गप उभं राहू. खोकला आला तर दाबा, पान थुंका, बैलांच्या घंट्या कुणीतरी हातानं धरा. शेठजी सांगतील तेव्हा बसायचं.

दगडू, रामराम रे. तुझ्या मोटरीतला बिघाड आम्हाला सापडला न्हाई.

आणि मामा, तुम्ही बी उभे राहा. शेठजींनी बसा म्हणल्यावर कुणी काही बोलायचं न्हाई. पहिला शब्द तुमचा येऊ द्या. हो, न्हाईतर न्हाई.